होऊ घातलेला मालक

घराच्या बाबतीत मी कायम भाडेकरूच राहिलो. भिंतीला खिळा ठोकू नका, रात्री खुर्च्या सरकवू नका, पाहुणे राहायला येणार असतील तर आधी सांगा, ही सगळी वाक्यं मी ऐकणाऱ्याच्या बाजूने पाठ केलेली आहेत. त्यामुळे थोडे पैसे हाताशी आल्यावर मेहुणे जेव्हा म्हणाले, "भावजी, घरात काय ठेवलंय? कमर्शियल घ्या," तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पैसे आलेच नाहीत. खिळा घेऊन उभा असलेला एक केविलवाणा माणूस आला, आणि त्याला "अजिबात नाही" म्हणणारा मी आलो.

मेहुण्यांचा स्वतःचा गाळा वगैरे काही नाही. पण उंटावरून दिसतं ते चांगलंच दिसतं. त्यांचं म्हणणं असं, की घराचा करार जेमतेम वर्षा-दोन वर्षांचा, दुकानाचा किंवा ऑफिसचा पाच-दहा वर्षांचा. किमतीच्या मानाने भाडंही बहुधा घरापेक्षा जास्त. शिवाय घरातला भाडेकरू मध्यरात्री नळ गळतोय म्हणून उठवतो. दुकानदार संध्याकाळी शटर ओढून निघून जातो, आणि नळ रात्रभर गळला तरी ते सकाळपर्यंत त्यालाही कळत नाही. "मालकाला काम काय असतं?" मेहुणे म्हणाले. "एक तारखेची वाट बघायची."

मी त्याच दिवसापासून मालकासारखा चालायला लागलो. बायकोने विचारलं, "पाय मुरगळलाय का?"

मग एजंट आला. त्याच्याकडे प्रत्येक जागेचं एक गुळगुळीत माहितीपत्रक असायचं. त्यातल्या फोटोंत आकाश नेहमी निळं आणि पार्किंग नेहमी मोकळं. शेवटच्या पानावर अपेक्षित उत्पन्नाचा तक्ता, त्याला प्रो-फॉर्मा म्हणतात. या तक्त्याच्या जगात राहायला मिळालं तर मी आत्ता जाईन. तिथे एकही गाळा कधी रिकामा राहत नाही, भाडं कुणी थकवत नाही, लिफ्ट बंद पडत नाही आणि विम्याचा हप्ता वाढत नाही. मागच्या तीन वर्षांचे खरे हिशेब मागितले की एजंट दुखावल्यासारखा बघायचा. "इथे अपसाइड, म्हणजे पुढे वाढायला वाव, खूप आहे," असं तो जिथे जिथे म्हणाला, तिथे तिथे छतातून उजेड येत होता.

पहिला झटका क्षेत्रफळाने दिला. माहितीपत्रकात 1,000 चौरस फूट. मी घरून टेप नेली होती. कितीही ताणली तरी साडेआठशेच्या वर जाईना. एजंटने शांतपणे समजावलं, की वापरायची जागा वेगळी आणि भाड्याची जागा वेगळी. बाहेरचा पॅसेज, लॉबी, सामायिक स्वच्छतागृह, या सगळ्याचा वाटा प्रत्येक गाळ्याच्या डोक्यावर चढवतात. मला ही लबाडी वाटली, म्हणून घरी येऊन वाचायला बसलो, तर निघाली शिस्तबद्ध परंपरा! अमेरिकेतल्या इमारतमालकांच्या 'बोमा' या संघटनेने मजला कसा मोजायचा याचा नियम 1915 साली काढला आणि तेव्हापासून त्याच्या सुधारित आवृत्त्या निघताहेत. एका खोलीची लांबी-रुंदी किती, यावर शंभराहून अधिक वर्षं शहाणी माणसं डोकं खाजवताहेत आणि मी टेप घेऊन निघालो होतो. भाडेकरू म्हणून मी पेटून उठलो असतो. पण होऊ घातलेला मालक म्हणून मला ते न वापरता येणारे दीडशे फूट एकाएकी गोड वाटायला लागले.

मालमत्तेची किंमत ठरते कशी, हे समजून घ्यायला गेलो आणि तोंडचं पाणी पळालं. घराची किंमत शेजारचं घर केवढ्याला गेलं यावरून ठरते, एवढं मला ठाऊक होतं. इथे आधी निव्वळ उत्पन्न काढायचं. भाड्यातून कर, विमा, देखभाल, व्यवस्थापनाचा खर्च आणि रिकाम्या महिन्यांची तूट वजा करायची. कर्जाचा हप्ता मात्र यात धरायचा नाही. मग त्या आकड्याला कॅप रेटने, म्हणजे खरेदीदार किमतीच्या जितके टक्के वार्षिक उत्पन्न मागतात त्या दराने, भागायचं. समजा, वर्षाचं निव्वळ उत्पन्न 60 हजार आहे आणि अशा जागांना बाजारात 6 टक्के दर चालू आहे, तर किंमत 10 लाख. उद्या व्याजदर चढले आणि खरेदीदार म्हणाले, आम्हाला 8 टक्के पाहिजेत, तर तेच 60 हजार, तोच भाडेकरू, तेच शटर, आणि किंमत साडेसात लाख. भिंतीचा टवकाही न उडता पाव गाळा गायब.

दर जितका जास्त तितकं चांगलं, असं मी मनाशी धरून चाललो होतो. बाकीचे सगळे सहाच्या आसपास घुटमळत असताना एजंटने एक साडेनऊ टक्क्यांचा गाळा काढला. मी हरखून बघायला गेलो. शटरवर पाटी होती: "सर्व माल अर्ध्या किमतीत. शेवटचे काही दिवस." भाडेकरू निघण्याच्या तयारीत, म्हणून किंमत पडलेली. साडेनऊ कुठून आले ते विचारायची गरज उरली नाही.

शेवटी मनात भरला तो एका छोट्या व्यापारी संकुलातला चष्म्याच्या दुकानाचा गाळा. संकुलात एक सुपरमार्केट, त्याच्या आसपास सात-आठ दुकानं. दुकानदार सभ्य, काच स्वच्छ, करार दहा वर्षांचा. एजंट म्हणाला, "ट्रिपल नेट आहे साहेब. कर भाडेकरू भरणार, विमा भाडेकरू भरणार, देखभाल भाडेकरू करणार. तुम्ही फक्त मोजायचं."

करार वकीलबाईंकडे दिला. त्यांनी पेन्सिलीने खुणा करत करत वाचला आणि एका ओळीवर थांबल्या. छप्पर, बाहेरच्या भिंती आणि पाया यांची दुरुस्ती मालकाकडे होती.

"मग भाडेकरूकडे उरलं काय?" मी विचारलं.

"आतली हवा," त्या म्हणाल्या. "तीसुद्धा एसीचं यंत्र बदलायची वेळ येईपर्यंत. ते छपरावर आहे."

मी छपरावर जाऊन आलो. एका कोपऱ्यात पाणी साचलेलं होतं आणि त्यात एक कावळा निवांत आंघोळ करत होता. त्या कावळ्याचा खर्च प्रो-फॉर्मात नव्हता.

पण खरं घोडं इथे पेंड खात नव्हतं. करार वाचता वाचता एक गोष्ट हळूहळू उलगडत गेली, की मी गाळा विकत घेतच नव्हतो. सिमेंट-विटांना इथे कोण विचारतो? मी विकत घेत होतो एका चष्मेवाल्याचं नशीब. तो चालला तर मी चाललो. तो बसला तर नुसतं भाडं थांबणार नाही. नवा भाडेकरू मिळेपर्यंत कर, विमा सगळं माझ्या बोकांडी. नवा आला की त्याला सुरुवातीचे काही महिने बिनभाड्याचे पाहिजेत, आतलं फर्निचर करायला मालकाकडून पैसेही पाहिजेत, आणि एजंटचं कमिशन आहेच.

इथे धीर यावा म्हणून मी मोठ्यांचं काय झालं ते वाचलं. ते करायला नको होतं. एम्पायर स्टेट बिल्डिंग 1931 च्या मे महिन्यात उघडली ती ऐन महामंदीत. 102 मजले, जगातली तेव्हाची सर्वांत उंच इमारत, आणि भाडेकरूंचा पत्ता नाही. लोक तिला 'एम्प्टी स्टेट बिल्डिंग' म्हणायला लागले. पहिल्या वर्षी भाड्यातून जेवढं आलं, जवळपास तेवढंच वरून शहर बघायला आलेल्यांच्या तिकिटांतून आलं. माझ्या गाळ्याला वरचा मजलाच नव्हता. कावळ्याच्या आंघोळीला तिकीट कोण काढणार?

तेव्हापासून मी त्या दुकानासमोरच्या बाकावर जाऊन बसायला लागलो. हातात वही. आत जाणारी माणसं, बाहेर येताना हातात पिशवी असलेली माणसं, असे दोन रकाने. पुढे तिसरा रकाना काढावा लागला, कारण नुसता स्क्रू घट्ट करून घ्यायला येणारे फार. दुकानदार तो फुकट करून द्यायचा, वर काचाही पुसून द्यायचा. माझा जीव खालीवर व्हायचा. एक गृहस्थ फ्रेमा डोळ्यांवर चढवून आरशात डावीकडून, उजवीकडून, हनुवटी उचलून, सगळीकडून स्वतःला न्याहाळून काही न घेता बाहेर पडले, तेव्हा मी बाकावरून उठून त्यांच्या मागे चार पावलं गेलोही होतो. माझा त्या दुकानाशी अजून काडीचा संबंध नव्हता, हे ऐनवेळी आठवलं.

माणूस किती खालच्या पातळीला जाऊ शकतो, हे त्या बाकावर कळतं. समोरून एक शाळकरी पोरगा मोबाइल नाकाला टेकवून चालत गेला, तर मला एकदम माया दाटून आली. बघ बाळा, बघ. आणखी जवळ धर. पुस्तकं बारीक अक्षरांत छापणाऱ्या प्रकाशकांबद्दल मला आदर वाटायला लागला. रस्त्यावरचे दिवे मंद आहेत, अशी तक्रार कुणी केली की मी विषय बदलायचो.

त्यातच वकीलबाईंनी दाखवलं, की करारात टक्केवारीचं भाडंही आहे. म्हणजे ठरलेलं भाडं तर आहेच. शिवाय दुकानाची वर्षाची विक्री एका मर्यादेपलीकडे गेली, तर वरच्या विक्रीतला काही टक्के वाटा मालकाला. झालं! मी दुसऱ्याच दिवशी आत शिरलो आणि डोळे तपासून घेतले.

"नंबर नाहीये साहेब तुम्हाला," दुकानदार म्हणाला.

"नसू दे. दोन द्या."

"अहो, पण गरज नाही."

"गरजेचं सोडा हो, उलाढालीचं बघा."

तो माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. एवढं नितळ गिऱ्हाईक त्याला बहुधा आधी भेटलेलं नव्हतं. मी एक साध्या काचेचा आणि एक उन्हाचा, असे दोन चष्मे घेऊन बाहेर पडलो. उन्हाचा चष्मा लावून बाकावर बसलं की मोजणी जास्त निर्धास्तपणे करता यायची.

सुपरमार्केटची भानगड त्यानंतर निघाली. अशा संकुलात एक मोठं दुकान असतं, ज्याच्यासाठी लोक येतात. बाकीची दुकानं त्या गर्दीवर जगतात. त्यामुळे चष्मेवाल्याने करारात एक कलम घालून घेतलं होतं. सुपरमार्केट गेलं आणि त्या तोडीचं दुसरं दुकान ठरलेल्या मुदतीत आलं नाही, तर याचं भाडं निम्मं. म्हणजे माझं उत्पन्न चष्म्यांवर आणि चष्म्यांचं साबण-तेलावर. मी बाक सरकवून अशा कोनात बसलो, की दोन्ही दारं दिसतील. वहीत रकाने वाढले.

शेजारच्या बंद गाळ्यात पूर्वी ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं, हे सुपरमार्केटच्या रखवालदाराने सहज बोलता बोलता सांगितलं. मी "असं का" म्हणून सोडून दिलं. वकीलबाईंच्या कानावर घातलं, तर त्यांनी पेन खाली ठेवलं. ड्रायक्लीनिंगला परक्लोरोइथिलीन नावाचा द्रव वापरतात. तो सांडला की जमिनीत मुरतो, काँक्रीटमधूनही वाट काढतो आणि खालच्या पाण्यापर्यंत जातो. अमेरिकेत 1980 सालच्या सुपरफंड कायद्याने तर घाण पूर्वी कुणीही केलेली असो, सफाईच्या खर्चासाठी जागेच्या आजच्या मालकाला धरता येतं. म्हणून तिथे घेण्याआधी जागेचा सगळा इतिहास खणून काढायची पद्धतच पडली. पेट्रोलपंप, छापखाने, ड्रायक्लीनर असं काही आजूबाजूला होतं का, ते आधी बघतात. म्हणजे मी शाळेत असताना कुणाच्या तरी कोटावर सांडलेल्या वरणाचा डाग आता माझ्या खात्यातून निघणार होता!

बँकेत मी नवा शर्ट घालून गेलो. त्याची काही गरज नव्हती, कारण तिथल्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. भाडेकरू कोण, किती वर्षं धंद्यात आहे, त्याचे ताळेबंद आहेत का, करार संपायला किती वर्षं, मध्येच सोडून जाता येतं का. सगळे प्रश्न चष्मेवाल्याचे. गृहकर्जात निदान आपली तरी चौकशी होते. कर्जाचा हप्ता 100 असेल तर जागेचं निव्वळ उत्पन्न किमान 125 पाहिजे, हा त्यांचा ठोकताळा. चष्मेवाला पास झाला, काठावर.

हप्ता 25 वर्षांच्या हिशेबाने बसवलेला होता, पण कर्जाची मुदत 10 वर्षं.

"मग उरलेलं?"

"ते दहाव्या वर्षी एकरकमी भरायचं."

"कुठून?"

"नवीन कर्ज काढून," साहेब म्हणाले, आणि अगदी सहज पुढचा कागद सरकवला. ती माझी वैयक्तिक हमी होती. भाडेकरूने भाडं दिलं नाही, गाळा विकून पैसे वसूल झाले नाहीत, तर मी. माझं नाव त्या सगळ्या कागदांत पहिल्यांदा आणि एकदाच आलं, ते इथे.

तरीही मी सही करायच्या बेतात होतो. पण व्यवहाराआधी एक शेवटचा कागद लागतो, एस्टॉपेल सर्टिफिकेट. भाडेकरूने लिहून द्यायचं, की भाडं अमुक, अनामत तमुक, करार या तारखेपर्यंत, मालकाशी वाद नाही, तोंडी काही ठरलेलं नाही. एकदा लिहून दिलं की त्याला नंतर फिरता येत नाही. नवख्या माणसाच्या हातात येणारा हा सगळ्यात खरा कागद, असं माझं मत आहे, कारण विकणाऱ्याने रंगवलेल्या चित्राला यात भाडेकरू पाणी लावतो. माझ्या चष्मेवाल्याने बादलीच ओतली. भाडं कागदावर आहे तेवढंच, पण वर्षातले दोन महिने जुन्या मालकांनी तोंडी माफ केलेले आहेत. पार्किंगच्या दोन जागा वापरायला दिलेल्या आहेत, त्यांचा करारात उल्लेख नाही. छपराबद्दल तीनदा पत्र दिलं, उत्तर नाही. आणि 'इतर काही तक्रार असल्यास' या रकान्यात, सुवाच्य अक्षरांत:

"उन्हाचा चष्मा लावलेले एक गृहस्थ दुकानावर पाळत ठेवून असतात. नवीन मालक म्हणून त्यांचंच नाव ऐकतो. याचा खुलासा व्हावा."

वकीलबाईंनी तो रकाना मोठ्याने वाचला, मग मनात वाचला, मग चष्मा काढून पुसला.

दोन महिन्यांचं भाडं वजा केल्यावर 125 चा हिशेब बसेना, बँक मागे सरली. विकणारा किमतीत एक पैसा कमी करायला तयार नव्हता. गाळा पुढे कुणीतरी रोख पैसे टाकून घेतला. मी त्या भागात अजून जातो. साबण संपला की त्याच सुपरमार्केटमधून घेतो. सवय लागलीय, आणि ते दुकान चालावं असं आतून वाटतं.

बायको म्हणाली, "मालकच व्हायचंय ना, मग थोडासा हो की. अख्खा कशाला?"

थोडासा मालक होण्याची सोय निघाली जुनी. एम्पायर स्टेटचंच बघा. 1961 मध्ये लॉरेन्स वीन नावाच्या वकिलाने ती घेतली तेव्हा दहा-दहा हजार डॉलरचे 3,300 हिस्से लोकांनी घेतले होते. मला भरून आलं. पुढे वाचलं, तर त्या सगळ्यांनी मिळून घेतला होता तो इमारतीचा लांब मुदतीचा भाडेपट्टा. इमारत एका विमा कंपनीची. हजारो जणांनी वर्गणी काढून भाडेकरू होण्याचा एवढा थाटाचा प्रकार मी दुसरा ऐकलेला नाही.

यापेक्षाही सोपं म्हणजे रीट. अनेक इमारतींची एकच मोट, तिचे युनिट शेअरसारखे बाजारात, आणि उत्पन्नातला बहुतेक भाग, सर्वसाधारणपणे 90 टक्के, वाटून टाकायचं बंधन. याचा जन्म अमेरिकेत 1960 च्या सप्टेंबरात झाला, आणि तोही राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सही केलेल्या सिगारवरच्या अबकारी कराच्या कायद्याला चिकटून. मोठमोठ्या इमारती सामान्य माणसाच्या आवाक्यात आल्या त्या धुराच्या पाठीवर बसून. मी दुसऱ्या दिवशी खात्यातून थोडी युनिट घेतली. छप्पर नाही, कावळा नाही, हमी नाही. किंमत रोज खालीवर होते, तेवढं सोसायचं.

आता तिमाही अहवाल येतो. बाकीचे गुंतवणूकदार म्हणे पहिलं पान बघून मिटतात. मी 'रिकामी जागा' हा तक्ता उघडून बसतो. अमुक इमारतीतला चौथा मजला मागच्या तिमाहीतही रिकामाच होता. माणसं काय करताहेत? मोठ्या भाडेकरूंच्या यादीत एक सॉफ्टवेअर कंपनी आहे. तिने नोकरकपात केल्याची बातमी आली, त्या रात्री मला झोप लागली नाही. बायकोने आकडेमोड करून माझ्या वाट्याला त्या कंपनीचं किती भाडं येतं ते सांगितलं. एका चहाइतकंही नव्हतं. "चहा तर चहा," मी म्हणालो, "पण ती माणसं घरून काम करायला लागली तर?"

मागच्या आठवड्यात ईमेल आला, की वार्षिक सभा आहे, युनिटधारकांनी मतदान करावं. विषय पहिला, हिशेब मंजूर करणे. विषय दुसरा, हिशेबतपासनीस नेमणे. मी आंघोळ करून बसलो. हिशेब पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, हिशेबतपासनिसांची माहिती काढली, दोन्हींना विचारपूर्वक होकार दिला. मग चौथ्या मजल्यावर चष्म्याचं दुकान टाकून बघायला काय हरकत आहे, सॉफ्टवेअरवाल्यांचे डोळे जातातच, अशी एक सूचना तयार केली आणि ती कुठे लिहायची ते शोधत बसलो. पानावर फक्त दोनच बटणं होती, होय आणि नाही. मदतीसाठी दिलेल्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या मुलीने फार आदराने विचारलं, "सर, आपली युनिट किती?" मी आकडा सांगितला. तिने तो पुन्हा सांगायला लावला.